बाप तुरुंगात असला तरी मुलाला बाप हवाच

घरातील कर्ता पुरुष तुरुंगात गेला की घरात बोलणे होते ते खटल्याचे, वकिलाचे आणि जामिनाचे. त्याच घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. असे मूल अंथरूण ओले करू लागते, पोट दुखते म्हणून शाळा बुडवते. डॉक्टरांनी तपासून शरीरात दोष आढळला नाही, तर त्या दुखण्याचे मूळ मनात शोधावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल तुरुंगात आईजवळ राहू शकते. बापाजवळ मूल ठेवावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याची भेट तरी नीट घडावी. एरवी भेट होते ती जाळीआडून किंवा काचेआडून. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने 2017 च्या सुमारास 'गळाभेट' हा उपक्रम येरवड्यासह काही कारागृहांत राबवला. त्यात कैद्याला आपल्या लहान मुलांना जवळ घेऊन भेटता आले. उपक्रम स्तुत्यच आहे.

परंतु एवढ्याने भागत नाही. लोणी देवकरहून येरवडा शंभराहून अधिक किलोमीटर. मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून आई मुलाला नेते, आणि हाती लागतो थोडासा वेळ. त्यात बाप रडत बसतो, नाही तर मार्कांची उलटतपासणी घेतो, नाही तर "दिवाळीला येतो" असे खोटे वचन देतो. दिवाळी येते, बाप येत नाही, आणि मूल अधिकच कोमेजते.

कारागृहात सुतारकाम, शिवणकाम शिकवतात. मग पालकपण का शिकवू नये? कोणत्या वयाच्या मुलाला काय समजते, काय बोलावे, कोणते वचन देऊ नये, पत्र कसे लिहावे, हे चार-सहा तासिकांत शिकवता येईल. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या तुरुंगात 2003 च्या सुमारास कैदी बापांच्या आवाजात गोष्टी ध्वनिमुद्रित करून घरी पाठवण्याचे काम सुरू झाले. आपल्याकडे त्यास फार खर्च येणार नाही.

"गुन्हेगाराचे लाड कशाला?" असे काही वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. शिक्षा बापाला झाली आहे, मुलाला नाही. शिवाय घराशी धागा टिकलेला माणूस सुटल्यावर घरीच परतण्याचा संभव अधिक. मात्र ज्या बापाने मुलाला किंवा त्याच्या आईला इजा केली असेल, तेथे मुलाच्या मनाविरुद्ध भेट घडवू नये.

घरच्यांनीही काही पथ्ये पाळावीत. "बाबा परगावी कामाला गेलेत" असे सांगू नये. शाळेतील मुलांकडून खरे कळतेच, आणि मग घरच्यांवरचाही विश्वास उडतो. मुलाला झेपेल एवढे खरे सांगावे. त्यात त्याचा काही दोष नाही, हेही सांगावे. वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यावे. राज्याच्या बाल संगोपन योजनेत तुरुंगातील पालकांच्या मुलांनाही मदत मिळू शकते. 2023 मध्ये ही रक्कम दरमहा 2250 रुपये झाली. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करावी.

आणि शेजाऱ्यांनी एवढेच करावे: त्या मुलाला बापाच्या गुन्ह्यावरून हाक मारू नये.