‘जाऊन-येऊन पुणे’ : प्रवासाचीही पथ्ये असतात

आपल्याकडे काशीयात्रेला निघायचे म्हटले की महिनाभर आधी तयारी सुरू होते. औषधांची पिशवी भरली जाते, डॉक्टरांना विचारले जाते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना किल्ली दिली जाते. साताऱ्याहून पुण्याला जायचे मात्र सकाळी दाढी करता करता ठरते. ‘‘त्यात काय एवढे? शंभर-सव्वाशे किलोमीटर तर आहे. जाऊन-येऊन करू!’’ हे ‘जाऊन-येऊन’ आपल्या जिल्ह्याच्या अगदी अंगवळणी पडले आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या व्यवसायात त्याचे परिणाम मी इतक्या वेळा पाहिले आहेत, की आज रक्तदाब, पित्त, सांधेदुखी हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून या सवयीबद्दलच चार शब्द लिहीत आहे.

कोणी म्हणेल, डॉक्टर, हा विषय आरटीओचा आणि पोलिसांचा. आरोग्याच्या सदरात याचे काय काम? २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एखाद्या साथीने वर्षाला इतके बळी घेतले असते, तर गावोगाव फवारण्या झाल्या असत्या, लसीसाठी रांगा लागल्या असत्या. अपघाताला मात्र आपण ‘नशीब’ म्हणतो आणि गप्प बसतो. माझे स्पष्ट मत असे, की यातले बरेचसे नशीब आपण घरातून निघण्यापूर्वीच लिहून ठेवलेले असते.

वेळ वाचतो किती?

प्रथम घाईचा हिशेब करू. सातारा ते पुणे हे अंतर सुमारे ११० किलोमीटर धरा. ताशी ८० च्या वेगाने गेल्यास त्याला ८२ मिनिटे लागतात, १०० च्या वेगाने ६६ मिनिटे. म्हणजे सगळा आटापिटा करून वाचली १६ मिनिटे. ती शिरवळच्या एका चहात आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर खर्ची पडतात.

त्यासाठी आपण मोजतो काय? ताशी ८० वेगाची गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, १०० ची जवळजवळ २८ मीटर. समोरचा ट्रक दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या, ताज्यातवान्या माणसालाही एक-दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी चाळीस मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. शिवाय धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सव्वापट झाला की जोर दीडपटीहून अधिक होतो. हे दीडपट आपल्या फासळ्यांना, यकृताला आणि मेंदूला सोसावे लागते. ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. तिच्यामागे असे साधे गणित आहे.

आपल्या या रस्त्याला त्याचे स्वतःचे अवघड भागही आहेत. खंबाटकीच्या बोगद्यापुढील नागमोडी वळणाने किती घरे उजाड केली, हे जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलाकडे जाणारा लांबलचक उतार तर साऱ्या राज्याला ठाऊक झाला आहे. तेथे २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच परिसरात पुन्हा भीषण अपघात होऊन माणसे होरपळून मेली. मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक आपल्या हाती नाहीत. पण अशा उतारावर ट्रकच्या पुढे-मागे रेंगाळू नये, मध्येच थांबू नये, गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

झोपेचे कर्ज

आता माझ्या विषयाकडे वळतो. एस.टी.त आपण वाचतो, ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक’. वचन उत्तम आहे. पण मनच झोपले तर हा ब्रेक लावणार कोण?

सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हातपाय व डोके किती मंदावते, याचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. रक्तात १०० मिलिलीटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके ते मंदावते, असे आढळले. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून पुण्याला गेलेला, दिवसभर कामे उरकून, नातेवाइकांकडे जेवून रात्री दहाला परत निघालेला आपला निर्व्यसनी गृहस्थ, ज्याने आयुष्यात थेंबाला स्पर्श केलेला नाही, तो प्रत्यक्षात प्यायलेल्या माणसासारखी गाडी चालवीत असतो. त्याच्या तोंडाला वास येत नाही, एवढाच फरक.

डुलकी लागली हे ज्याचे त्याला कळत नाही. ताशी ९० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला, तर गाडी १०० मीटर आंधळी धावते. पुन्हा पुन्हा जांभया येणे, डोळे चुरचुरणे, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणे, गाडी पट्ट्याबाहेर सरकणे ही लक्षणे दिसताच सुरक्षित जागी, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात, गाडी थांबवावी. काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांचा उपयोग चार-पाच मिनिटांपलीकडे टिकत नाही. चहा-कॉफीचा परिणाम होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. म्हणून कपभर कडक चहा घ्यावा आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे सीट मागे करून डोळे मिटावेत. रात्री दोन ते पहाटे पाच आणि दुपारच्या जेवणानंतरचे दोन ते चार हे झोपेचे हक्काचे तास. पोटभर पुरणपोळी खाऊन तीन वाजता निघणे मला तरी मान्य नाही.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपण लग्नाला, साखरपुड्याला भाड्याची गाडी घेऊन जातो. आपण मांडवात, पंगतीत, आणि ड्रायव्हर उन्हात गाडीत. रात्री बारा वाजता ‘‘चल रे बाबा’’ म्हणून त्याला उठवतो. तो जेवला का, आदल्या रात्री कुठली फेरी करून आला, किती झोपला, हे कोणी विचारत नाही. ज्याच्या हाती आपल्या घरातली सात माणसे देतो, त्याला एक ताट आणि एक चटई देण्याची आपली तयारी नसते. हा केवळ माणुसकीचा प्रश्न नाही, शुद्ध स्वार्थाचाही आहे. ड्रायव्हरचे जेवण आपल्यासोबत आणि त्याची झोप आपल्या आधी, असा नियम प्रत्येक घराने करावा.

तपासणीसाठी जाणाऱ्यांनो

आपल्याकडून पुण्याला जाणाऱ्यांत मोठा वर्ग रुग्णांचा. मोठ्या डॉक्टरांच्या नावाने आम्हीच चिठ्ठी देतो. मला असे वाटते, की चिठ्ठीसोबत प्रवासाची पथ्येही आम्ही लिहून द्यावीत. निदान ही इतकी :

डोळे तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब घातले, तर पुढे काही तास जवळचे अंधुक दिसते आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये. गुंगीचे इंजेक्शन देऊन दुर्बिणीची तपासणी झाली असेल, तर २४ तास गाडीला हात लावू नये. ‘‘मला तर बरे वाटतेय’’ हे गुंगीतल्या माणसाचे मत असते. दोन्ही वेळी सोबत चालवणारा दुसरा माणूस हवा.

मधुमेहींनी उपाशीपोटीचे रक्त शक्यतो साताऱ्यातच द्यावे व अहवाल घेऊन जावे. सकाळची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन, ‘पुण्याला गेल्यावर खाऊ’ म्हणून उपाशी निघणे हा सरळ धोका आहे. त्या दिवशी औषध केव्हा घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे. गाडी थांबवून तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे, पंधरा मिनिटे थांबावे, मग पोळी-बिस्किटे खावीत आणि पूर्ण बरे वाटल्यावरच निघावे. आपल्या कंदी पेढ्यांवर भिस्त ठेवू नये. पेढ्यातील तुपामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. साखरेची पुडी खिशात असावी.

सर्दी-शिंक्यांच्या बऱ्याच गोळ्या, काही खोकल्याची औषधे आणि उलटी होऊ नये म्हणून घेतली जाणारी अ‍ॅव्होमिनसारखी गोळी यांनी झोप येते. मुलांना घाट लागतो म्हणून गोळी द्यायची असल्यास डॉक्टरांना विचारून द्यावी, पण चालवणाऱ्याने ती घेऊ नये. रात्री झोपेची गोळी घेणाऱ्यांनी पहाटे स्टिअरिंगवर बसू नये. हृदयरोग्यांनी जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात ठेवावी, डिकीतल्या बॅगेत नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. छातीत दुखू लागले, घाम फुटला, की आपल्याकडे ‘‘इथे वेळ घालवू नका, थेट पुण्याला न्या’’ असे सांगणारे चार जण हमखास भेटतात. काही धाडसी गृहस्थ तर स्वतःच गाडी काढतात. हे अत्यंत चुकीचे आहे. जवळच्या रुग्णालयात ईसीजी निघतो आणि गरज असल्यास रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या तासांत देता येते. हृदयाच्या स्नायूला पुणे-सातारा कळत नाही, त्याला मिनिटे कळतात. आधी येथे उपचार सुरू, मग रुग्णवाहिकेतून पुढे, हाच क्रम योग्य.

पट्टा मागच्यांनाही

पुढे बसणारा पोलिसाच्या धाकाने का होईना, पट्टा लावतो. मागचे आरामात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघरजवळ अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, पण पट्ट्याचे काम पट्टाच करतो. मागे बसलेल्यांनाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे. पट्टा न लावलेला मागचा माणूस धडकेत पुढच्यावर आदळतो आणि दोघांचा जीव धोक्यात घालतो. गरोदर स्त्रियांनी पट्ट्याचा खालचा भाग पोटाखालून, ओटीपोटाच्या हाडांवरून घ्यावा. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसू नये. धडकेच्या वेळी कोणत्याही आईचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत. दुचाकीवरून पुण्याला जाणाऱ्यांत आमची तरुण मुले फार. त्यांना हेल्मेट हनुवटीखाली बांधूनच घरातून सोडावे, आणि मागे बसणाऱ्यालाही ते द्यावे.

अपघात दिसला तर

गाडी हळू करून बघणारे आणि मोबाइलवर चित्रे घेणारे पुष्कळ, थांबणारे थोडे. ‘पोलिसांचे झंझट नको’ ही भीती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही ते आले. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८, ११२ किंवा महामार्गाचा १०३३ हा क्रमांक फिरवावा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, मान वाकवू नये, कारण नसताना ओढून बाहेर काढू नये. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत अपघातग्रस्तावर नियुक्त रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार होऊ शकतात. ‘पैसे कोण भरणार’ म्हणून कोणी रस्त्यावर पडून राहता कामा नये.

यजमानांना विनंती

शेवटी एक विनंती पुण्यातील आपल्या आप्तांना. पाहुणा रात्री नऊनंतर निघू लागला, तर ‘‘सांभाळून जा हो’’ म्हणून दारातून निरोप देऊ नका. चपला लपवून ठेवा, पण त्याला ठेवून घ्या. एकेकाळी आपल्याकडे हीच रीत होती. आणि पाहुण्यांनीही ‘उगाच त्यांना त्रास’ हा संकोच सोडावा. एक अंथरूण घालण्याचा त्रास तो काय?

पुढच्या वेळी पुण्याला निघण्यापूर्वी घरात चारच प्रश्न विचारा. चालवणारा काल किती झोपला? त्याने आज कोणते औषध घेतले? काय खाल्ले? आणि परत केव्हा निघायचे? यातल्या एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर दुसरा चालक बघा किंवा स्वारगेटच्या एस.टी.त बसा. अगदी काहीच जमत नसेल, तर उद्या जा. पुणे काही कुठे जात नाही.