महाराजांची डायरी

सीझन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? आयपीएल, वेब सिरीज, फार तर अप्रेझल. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी मात्र सीझन सुरू होतो कार्तिकीनंतर. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि तिचे वडील वारकरी कीर्तनकार आहेत. गाव धाराशिव जिल्ह्यात, कळंबकडे.

आता तुम्ही म्हणाल, कीर्तनाचा कसला आलाय सीझन? असतो बरं! कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो, मग वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानोबामाउलींचा समाधी सोहळा होतो. तोवर सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात. वर्गणी जमते आणि गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. रोज वेगळे महाराज. शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद.

गेल्या दिवाळीनंतर दोन दिवस तिच्या घरी राहिले, तेव्हा कळलं की या सगळ्याचं हेडऑफिस स्वयंपाकघरात आहे. तारखांची डायरी काकूंकडे. फोन वाजला की कणकेचा हात पुसून त्या विचारणार, ‘‘कुठला फाटा? गाडी पाठवताय का? मुक्काम की रात्रीच परत?’’ एकाच तारखेला दोन गावं आली, तर नाही म्हणायचं कामही त्यांचंच. मानधनाचा विषय मात्र त्या काढत नाहीत. पांढरी धोतरं नीळ घालून धुवायची, घशासाठी ज्येष्ठमध आणि खडीसाखरेची पुडी बांधायची, टाळांची पिशवी दाराशी ठेवायची. महाराज निघाले की मागे दोन म्हशी, आजारी सासूबाई आणि त्या.

जुन्या डायऱ्याही त्यांनी जपून ठेवल्यात. २०१५-१६ ची उघडली तर पानंच्या पानं कोरी. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेच वर्ष. शेतात पिकलं नाही की वर्गणी नाही, वर्गणी नाही की सप्ताह नाही. ‘‘त्या साली दुधावर घर चाललं,’’ काकू म्हणाल्या. बस्स, एवढंच.

मी सहज विचारलं, काकांचं कुठलं कीर्तन तुम्हाला सगळ्यात आवडतं? त्या हसल्या. ‘‘मी कुठं ऐकलंय गं समोर बसून? आधी कॅसेटवर, आता यूट्यूबवर.’’ लग्नाला एकतीस वर्षं झालीत!

याच जिल्ह्यात तेरला संत गोरोबाकाकांची समाधी आहे. त्यांची कथा तुम्हालाही ठाऊक असेल. गोरोबा माती तुडवताना नामात इतके दंग झाले, की स्वतःचं बाळ पायाखाली आलं. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळालं. ही कथा लागली की मांडवात डोळे कोरडे राहत नाहीत म्हणे. पण सगळं लक्ष गोरोबांवर. बाळाला नवऱ्याच्या भरवशावर ठेवून पाण्याला गेलेल्या बायकोचं काय? मैत्रिणीने हे आईला विचारलं. काकू धोतराची घडी घालत म्हणाल्या, ‘‘ती पाण्याला गेली म्हणून तर ह्यांचं भजन चाललं.’’

मैत्रीण गप्प. मी पण.

आपल्यालाही ‘टीमवर्क’ची भाषणं बरीच ऐकवतात. प्रेझेंटेशन एक जण देतो, टाळ्या त्याला. मागे स्लाइड्स कोणी केल्या, कोण विचारतो? पण तिथे निदान पगार तरी होतो.

नव्या सीझनच्या डायरीत एका तारखेसमोर गावाच्या नावाखाली आणखी एक ओळ होती. काकूंच्या अक्षरात, बारीक : ‘मी पण जाणार.’ म्हशी आणि आजी लेकीच्या ताब्यात. तिने लगेच मोबाइलवरून रजा टाकली. कारण लिहिलं : फॅमिली फंक्शन.