सरकून घ्या

३१ वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. त्यातली निम्मी बार्शी–तुळजापूर गाडीवर गेली. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसे. माणसाचा स्वभाव मला कळला तो त्या गाडीच्या दारात.

खाली उभा असलेला माणूस हात जोडायचा, "मास्तर, एवढं एक माणूस घ्या. आत लई जागा आहे." तोच आत आला, दांडी हाताला लागली, की पुढच्या थांब्यावर ओरडायचा, "मास्तर, आता कुणाला घेऊ नका, डबल बेल द्या!" मध्ये अंतर फार तर तीन-चार किलोमीटरचं. हा माणूस वाईट नसे. अनोळखी बाईचं पोर तो तासभर मांडीवर घेऊन बसायचा. फक्त जागा मिळाली की त्याला दार आठवत नसे.

परवा प्रवासी म्हणून गेलो, तेव्हा हेच पुन्हा पाहिलं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आहे. शेजारचे गृहस्थ कुरकुरत होते, "यांच्यामुळे गर्दी झाली." त्यांचं स्वतःचं वय पंच्याहत्तरच्या पुढचं. ऑगस्ट २०२२ पासून त्यांना तिकीटच पडत नाही, तसं मलाही पडत नाही. बाकाजवळ उभ्या असलेल्या एका बाईकडे बघून मी म्हणालो, "दादा, ही बाई आईला दवाखान्यात बघायला निघाली असेल. आपण फुकट बसलोय, ती अर्धे तरी देतेय." ते काही बोलले नाहीत. पण थोडे सरकले आणि तिघांच्या बाकावर चौथी बसली.

चांगलं जगणं म्हणजे मला तरी एवढंच दिसतं. आपली जागा सोडून द्या, असं कुणी म्हणत नाही. चार बोटं सरका. गावातून शहरात आलेल्यानं नव्यानं येणाऱ्याला परका म्हणू नये. नोकरी लागलेल्यानं रांगेतल्या पोराला वाट दाखवावी. मला नोकरी लागली तेव्हा एका घरमालकिणीनं अनामत न घेता खोली दिली होती. ती सरकली, म्हणून माझा संसार उभा राहिला.

लोकांवर ओरडलं, तर कुणी जागा देत नाही, हेही मी शिकलो. "मघाशी तुम्हीपण दारातच होता की," असं मायेनं म्हटलं, की बहुतेक जण सरकतात.

डबल बेल देण्याआधी मी नेहमी एकदा दाराकडे वळून बघायचो. कुणी धावत येत असेल, तर दोरी हातातच धरून ठेवायचो.