राखणदारास सर्पदंश झाल्यास

अंगणात शिरलेल्या सापावर कुत्रा प्रथम धावतो, आणि दंश बहुधा त्याच्या तोंडावर वा पायावर होतो. नाग-मण्यारच्या विषाने पाय लुळे पडून श्वास कोंडतो. घोणस-फुरशाच्या विषाने सूज चढते, रक्त गोठेनासे होते. अशा वेळी जखम चिरणे, दोरी आवळणे, मांत्रिक शोधणे यांत मोलाची घटका जाते. मुक्या जीवास चालवू नये; उचलून तडक पशुवैद्याकडे न्यावे. घोड्याच्या रक्तापासून तयार होणारी सर्पविषावरील लस या चारही विषांवर चालते. जनावर लहान म्हणून तिची मात्रा कमी होत नाही; ती शिरलेल्या विषाच्या मानाने ठरते. ही लस जवळपास कोठे मिळते, हे आजच विचारून ठेवावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ज्याने आपला उंबरठा राखला, त्याचे एवढे ऋण आपणांवर आहेच.