मांजराचे संशोधन, माणसांचे औषध

लॅरी रिचर्डसन या गणितज्ञाच्या नावावर २०२४ च्या जुलैमध्ये १२ शोधनिबंध होते आणि इतर निबंधांत त्यांचे संदर्भ १४४ वेळा दिलेले होते. आपल्याकडच्या कित्येक प्राध्यापकांच्या वाट्याला निवृत्तीपर्यंत एवढे संदर्भ येत नाहीत. लॅरी मात्र मांजर होते, अमेरिकेतील संशोधक रीझ रिचर्डसन यांच्या आजीचे.

रिचर्डसन आणि त्यांचे सहकारी निक वाइज यांनी हा खेळ मुद्दाम मांडला होता. पैसे द्या, तुमचे संदर्भ वाढवून देतो, अशी जाहिरात त्यांना समाजमाध्यमावर दिसली. असे दलाल नेमके करतात काय हे पाहून त्यांनी तीच युक्ती मांजरासाठी वापरली. रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळावर ज्याचा तो आपले लेखन चढवतो. ते आधी कोणी तज्ज्ञ तपासत नाही. गूगल स्कॉलर हे शोधयंत्र अशा ठिकाणांहून निबंधासारखे दिसणारे कागद गोळा करते, त्यांच्या शेवटची संदर्भयादी वाचते आणि कोणाला किती संदर्भ मिळाले याची बेरीज मांडते. मजकुराला काही अर्थ आहे का, हे ते पाहत नाही. दोघांनी संगणकाकडून निरर्थक गणिती लेख तयार करून घेतले. १२ लॅरीच्या नावाने, आणखी १२ काल्पनिक लेखकांच्या नावाने. या दुसऱ्या बारांतल्या प्रत्येकाने लॅरीच्या बाराही लेखांचा संदर्भ दिला. बारा गुणिले बारा, १४४. गूगलने मोजणी केल्यावर त्यांनी मूळ लेख रिसर्चगेटवरून काढूनही टाकले, तरी आकडा तसाच राहिला. खर्च शून्य. गाजावाजा झाल्यावर गूगलने लॅरीचे संदर्भ पुसले.

ज्याच्या १२ निबंधांना प्रत्येकी किमान १२ संदर्भ मिळाले, त्याचा 'एच-इंडेक्स' १२. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेले हे माप आज जगभर नेमणुका आणि अनुदाने ठरवताना पाहिले जाते. म्हणूनच त्याचा बाजार उभा राहिला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबुधाबी शाखेतील संशोधकांनी एका काल्पनिक शास्त्रज्ञासाठी ३०० डॉलरना ५० संदर्भ विकत घेऊन दाखवले. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही बढतीसाठी शोधनिबंध लागतात. बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड, परीक्षा सांभाळून ते लिहायचे कधी, ही अडचण खरी आहे. दलाल नेमके तिथेच येऊन उभे राहतात.

लॅरीने कोणाला औषध लिहून दिले नाही. पण तपासणीआधी चढवलेला निबंध आणि त्याला आपोआप मिळणारी प्रतिष्ठा, हीच वाट वैद्यकात रुग्णाच्या गोळीपर्यंत जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तमधील एक निबंध 'रिसर्च स्क्वेअर' या संकेतस्थळावर आला. तेथे निबंध तज्ज्ञांच्या तपासणीआधीच सर्वांना वाचायला खुले होतात. आयव्हरमेक्टिन दिल्याने कोविडचे मृत्यू ९० टक्क्यांपर्यंत कमी झाले, असा त्यात दावा होता. जंतांवर आणि खरजेवर हे औषध उत्तम. पण असा परिणाम कोविडवर खरा असता, तर त्या साथीतला तो सर्वांत मोठा शोध ठरला असता. निबंध दीड लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला, त्याचे तीसहून अधिक संदर्भ दिले गेले. शिवाय अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून निष्कर्ष काढणाऱ्या विश्लेषणांतही तो शिरला. अशा बेरजेत एकच मोठा आणि खोटा आकडा आला, तरी सगळे पारडे झुकते.

मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधासाठी पाच दिवस आयव्हरमेक्टिन देण्याचे जाहीर केले. केंद्राच्या उपचार-सूचनांतही तेव्हा ते 'देता येईल' अशा औषधांत होते. हे निर्णय त्या एकाच निबंधावर झाले असे म्हणता येणार नाही. पण औषधाच्या बाजूने तेव्हा जी हवा होती, त्यात या निबंधाचा वाटा लहान नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या सूचनांतून ते वगळले गेले आणि २०२२ मध्ये ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

निबंधातले बिंग फुटले ते भाषेमुळे. प्रस्तावनेतील वाक्ये इतर ठिकाणांहून उचललेली, आणि चोरी कळू नये म्हणून शब्द बदललेले होते. त्या नादात 'सीव्हिअर अक्यूट रेस्पिरेटरी सिंड्रोम' या आजाराचेच 'एक्स्ट्रीम इंटेन्स रेस्पिरेटरी सिंड्रोम' झाले! सार्सचे नाव ठाऊक असलेला कोणताही डॉक्टर इथे थबकला असता. अर्थात, त्याने प्रस्तावना वाचली असती तर. पुढे कच्च्या माहितीची फाइल मिळाली. तिचा पासवर्ड होता १२३४. अभ्यास सुरू होण्याआधीच दगावलेले रुग्ण त्यात होते, आणि अनेक रुग्णांच्या नोंदी एकमेकींच्या नकला असल्याचेही आढळले.

१४ जुलै २०२१ रोजी निबंध मागे घेतला गेला. तोवर आठ महिने झाले होते. ती प्रस्तावना लक्षपूर्वक वाचून पहिली शंका घेणारा जॅक लॉरेन्स हा लंडनमधला वैद्यकीय विद्यार्थी होता. त्याला तो निबंध अभ्यासक्रमात गृहपाठ म्हणून मिळाला होता.