बॅगेत टॅग टाकला म्हणजे सामान सेफ झालं का?

एप्रिल २०२५ मध्ये एअर इंडियाने आपल्या अ‍ॅपमध्ये अ‍ॅपलच्या एअरटॅगचं लोकेशन कंपनीला शेअर करायची सोय आणली. आशियात हे करणारी आपण पहिली विमान कंपनी, असा तिचा दावा होता. तेव्हापासून सहारच्या टी-२ वरून निघणारे मित्र मला एकच गोष्ट विचारतात, "टॅग टाकला की बॅग सेफ ना?" माझं उत्तर : हरवण्यापासून बऱ्यापैकी, चोरीपासून नाही.

टॅग काय करतो?

एअरटॅगमध्ये जीपीएस नसतं. तो ब्लूटूथ सिग्नल सोडतो. जवळचा एखादा आयफोन तो पकडतो आणि ठिकाण एन्क्रिप्ट होऊन अ‍ॅपलकडे जातं. अँड्रॉइडवर हेच काम गूगलचं फाइंड हब करतं. जिओटॅग गो त्यावरच चालतो. मात्र गूगलच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये बरेच फोन टॅगजवळून गेले तरच लोकेशन दिसतं. अंधेरीच्या गर्दीत अडचण नाही, पण सामसूम गोदामात पडलेली बॅग सापडणं कठीण. फाइंड हबच्या सेटिंगमध्ये 'सगळ्या भागांत' हा पर्याय निवडलात, तर अशा जागी तुमचा एकटा फोनही दुसऱ्याच्या बॅगेचा पत्ता कळवू शकतो.

विमान कंपन्याही नोंद ठेवतात. आयएटाच्या ठराव ७५३ नुसार जून २०१८ पासून बॅगेचा माग चार टप्प्यांवर ठेवायचा असतो : तुम्ही ती दिलीत, विमानात चढली, दुसऱ्या कंपनीकडे गेली, तुम्हाला परत मिळाली. मधल्या वेळेत बॅग कुठे आहे, ते टॅग सांगतो.

मग चोरीचं काय?

समजा, मधल्या वेळेत कुणी बॅग उघडून एक वस्तू काढली. बॅग वेळेवर बेल्टवर येते, नकाशावरचा ठिपकाही बरोबर जागी असतो. टॅगच्या दृष्टीने सगळं ठीकच! बॅग कुठे आहे ते त्याला कळतं, आत काय उरलं ते कळत नाही.

कुलूपही फार मदत करत नाही. टीएसए कुलपांच्या मास्टर चाव्यांचे फोटो बाहेर आले आणि २०१५ मध्ये त्यांच्या थ्रीडी प्रिंट फाइल्स इंटरनेटवर पोचल्या. साधी चेन तर बॉलपेनच्या टोकानेही उघडते.

आणि भरपाई? देशांतर्गत प्रवासात सामानासाठी २० हजार रुपयांची मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर. त्यातही चेक-इन बॅगेतल्या रोकड, दागिने, लॅपटॉपची जबाबदारी कंपन्या आपल्या अटींमध्ये सहसा नाकारतात. म्हणजे चोराला हवी असलेली वस्तूच भरपाईतून बाहेर!

म्हणून फोन पुरावा म्हणून वापरा

१. दागिने, रोकड, लॅपटॉप केबिन बॅगेत. पॉवर बँक तर नियमानेच केबिनमध्ये न्यावी लागते.

२. बॅग भरताना सामानाचा आणि बंद चेनचा व्हिडिओ काढा.

३. काउंटरवर नोंदलेल्या वजनाचा फोटो घ्या. उतरल्यावर बॅग हलकी वाटली, तर विमानतळावरच पुन्हा वजन करायला सांगा. दोन आकड्यांतला फरक तुमच्या शब्दापेक्षा जड ठरतो.

४. बेल्टजवळच बॅग उघडून बघा. काही गायब असेल तर बाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाबद्दलचा तक्रार अहवाल, भरून प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते.

५. चोरी घरी गेल्यावर लक्षात आली? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झिरो एफआयआरची तरतूद आहे. मुलुंड किंवा बोरिवलीच्या जवळच्या पोलीस ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो, तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो. "सहारला जा" असं कुणी म्हटलं, तर ही तरतूद दाखवा.

६. बॅगेवरच्या पट्टीचा किंवा बोर्डिंग पासचा फोटो स्टोरीला टाकू नका. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर अनेक कंपन्यांच्या साइटवर तुमचं बुकिंग उघडतं.

टॅग जरूर घ्या, मीही वापरतो. आयफोनवरून शेअर केलेली लिंक कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते आणि सात दिवसांनी आपोआप बंद होते, त्यामुळे हरवलेली बॅग शोधायला ती कंपनीला बिनधास्त द्या. फक्त चेन लावण्याआधीचा तो एक मिनिटाचा व्हिडिओ चुकवू नका.