खेळाने गाळलेले उतरणे : ‘होशो’ नौकेला दुबळी म्हणण्यापूर्वी

१/ ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ या नौदल युद्धाच्या खेळात जपानी विमानवाहू नौकांची मालिका चौथ्या टियरवरील ‘होशो’पासून सुरू होते. अनेक खेळाडू तिच्यावर हात बसवतात आणि पुढच्या ‘र्‍यूजो’कडे वळतात. दुबळी, नवशिक्यांची नौका एवढीच तिची ओळख उरते. इतिहासाच्या दृष्टीने ही ओळख अपुरी आहे.

२/ खेळात विमानांचे पथक उडते, टॉर्पेडो सोडते आणि एक कळ दाबताच आपोआप परतते. २०१९ च्या मोठ्या बदलापासून खेळाडू विमानांबरोबर उडतो. मात्र डेकवर चाके टेकवण्याचे काम त्याच्या वाट्याला येत नाही. होशो बांधली गेली ती मुख्यतः हेच काम शिकण्यासाठी.

३/ जहाजावरून विमान उडवणे तुलनेने लवकर साधले होते. खरा प्रश्न परतीचा होता. ऑगस्ट १९१७ मध्ये एडविन डनिंग या ब्रिटिश वैमानिकाने ‘फ्युरिअस’ या चालत्या युद्धनौकेवर विमान उतरवले. पाचच दिवसांनी, पुन्हा उतरताना विमान समुद्रात कोसळून त्याचा मृत्यू झाला.

४/ जपानने ही विद्या ब्रिटिशांकडूनच घेतली. १९२१ मध्ये सेम्पिल यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश प्रशिक्षकांचे पथक जपानमध्ये आले. २७ डिसेंबर १९२२ रोजी होशो नौदलात दाखल झाली. ब्रिटिशांच्या ‘हर्मिस’ची बांधणी आधी सुरू झाली होती, पण विमानवाहू म्हणूनच बांधलेली आणि सेवेत आलेली पहिली नौका होशो ठरली.

५/ डेक सुमारे १६८ मीटर लांब आणि २३ मीटरांपेक्षाही अरुंद. उजव्या बाजूला छोटा मनोरा होता. वैमानिकांना त्याची अडचण होऊ लागली, म्हणून १९२४ मध्ये तो काढून टाकला. धुराडीही बाजूला आडवी करता येतील अशी होती. उतरणाऱ्या माणसासाठी नौकेचा आकारच बदलत गेला.

६/ फेब्रुवारी १९२३ मध्ये मित्सुबिशीच्या सेवेतील ब्रिटिश वैमानिक विल्यम जॉर्डन याने होशोवर पहिले विमान उतरवले. पुढच्याच महिन्यात शुनइची किरा हा तसे करणारा पहिला जपानी नौदल अधिकारी ठरला. आकागी आणि कागा या बड्या नौका त्यानंतर सेवेत आल्या.

७/ हे शिक्षण निरागस नव्हते. १९३२ मध्ये होशोची विमाने शांघायच्या लढाईत उतरली; १९३७ पासूनच्या चीनवरील आक्रमणातही तिचा सहभाग होता. तिचे कौतुक करताना हे पान उलटून पुढे जाता येणार नाही.

८/ ४ जून १९४२, मिडवे. आकागी, कागा आणि सोर्‍यू पेटल्यावर त्यांची आकाशात उरलेली विमाने हिर्‍यूवर उतरली. संध्याकाळी हिर्‍यूही पेटली. मग उरलेल्या वैमानिकांना समुद्रावाचून उतरायला जागाच राहिली नाही. खेळात न दिसणारी परत इथे जीवनमरणाचा प्रश्न झाली.

९/ होशो त्या वेळी ‘यामातो’सोबत बरीच मागे होती. तिच्यावर अवघी आठ जुनी द्विपंखी विमाने. त्यांपैकी एकाला दुसऱ्या दिवशी सकाळी जळती हिर्‍यू दिसली. डेकचा पुढचा भाग उद्ध्वस्त झालेल्या हिर्‍यूचे प्रसिद्ध छायाचित्र याच विमानातून घेतलेले आहे.

१०/ पुढे होशो देशाच्या किनाऱ्याजवळ सरावासाठी राहिली. १९४४ मध्ये नव्या, जड विमानांसाठी तिचा डेक १८० मीटरांपलीकडे वाढवला. त्यामुळे तिचा तोल इतका बिघडला की खवळलेल्या समुद्रात जाणे धोक्याचे झाले. नवे वैमानिक घडवण्यासाठी तिने लढण्याची क्षमता गमावली.

११/ युद्ध संपल्यावर तिची शस्त्रे काढली गेली. परदेशांत अडकलेल्या जपानी लोकांना तिने नऊ फेऱ्यांत मायदेशी आणले : सुमारे ४०,००० माणसे. त्यानंतर ती भंगारात निघाली आणि १९४७ मध्ये तिची मोडतोड पूर्ण झाली.

१२/ प्रत्येक फेरीला विमान उतरवावे लागले तर खेळ कंटाळवाणा होईल, हे मान्य. खेळाने रंजन करावे. इतिहास सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणे अन्यायाचे. मात्र शत्रूचे किती नुकसान केले, हे खेळाचे माप इतिहासाच्या अभ्यासकाने उचलले की होशो क्षुल्लक वाटू लागते. किती जण तिच्यावर उतरायला शिकले आणि किती जण तिच्यातून घरी पोचले, हे त्या मापात बसत नाही.